आवाजाआधीचा आवाज

१

पाऊस थांबला की आम्ही रेकॉर्डिंगला बसायचो. टास्मानियातल्या आमच्या झीहान गावात पाऊस थांबतो म्हणजे पुढच्या सरीसाठी जरा दम खातो, एवढंच. आमच्या घराचं छप्पर पत्र्याचं. त्याचा ताशा वाजायचा थांबला की नेटा हातातला कप तसाच ठेवून उठायची, मी हीटर बंद करायचो, फ्रिज बंद करायचो, आणि आम्ही मागच्या खोलीत शिरून दार ओढून घ्यायचो. ते दार ओलीनं फुगलेलं. बंद करताना फरशीवर खर्रकन घासायचं. आभाळानं पाच मिनिटं कळ काढली तर एक गाणं व्हायचं.

नेटा माझी थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांची. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. वीज मंडळात तारांवर काम केलं, टास्मानियाचा पश्चिम किनारा खांबाखांबानं पालथा घातला आणि निवृत्त झालो. नेटा गाते. हॉलमध्ये, लग्नांत, विशेषतः मयतीला. तिच्या गाण्याशिवाय आमच्या गावात गेल्या तीस वर्षांत कुणी मातीत गेलं नाही. तिनं स्वतः रचलेली बारा गाणी आहेत. ती कुठंही लिहिलेली नव्हती.

मार्चमध्ये तिच्या गळ्यात गाठ निघाली. होबार्टच्या सर्जननं सरळ सांगितलं, "गाठ काढू. आवाज राहील असं वचन मात्र देत नाही."

परतीच्या रस्त्याला लागून दोन तास झाले. मग नेटा म्हणाली, "बारा गाणी आहेत, ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. तू आयुष्यभर वायरी जोडल्यास ना? मग जोड."

२

कशानं रेकॉर्ड करायचं यावरून आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खा रविवार भांडण झालं.

नेटाची मुलगी ब्रायनी मेलबर्नला असते. तिनं आपला जुना लॅपटॉप आणि माइक जोडायची एक छोटी डबी कुरिअरनं पाठवली होती आणि ती फोनवरून समजावत होती. "मामा, कॉम्प्युटरवर आवाज डोळ्यांना दिसतो. चुकलं तर तेवढंच कापायचं. आईनं एक ओळ दहादा म्हटली तर त्यातली सगळ्यात चांगली उचलायची."

"आणि मधेच तो म्हणणार, थांबा, मला अपडेट व्हायचंय," अ‍ॅल्बी म्हणाला.

अ‍ॅल्बी कुर्ल, वय अठ्ठ्याहत्तर. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात त्याची हयात गेली. दर रविवारी तो आमच्याकडे भाजलेली मटणाची तंगडी खायला येतो आणि मटण कसं चुकलं ते सांगून जातो. त्या दिवशी त्यानं काखोटीला मारून एक पेटी आणली होती. आठ ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन, आपल्या पायावर उभं. माइक लावा, लाल बटण दाबा, संपलं. कॉम्प्युटर नको, इंटरनेट नको. पुढच्या बाजूला गाण्याचा क्रमांक दाखवणारा आकडा आणि हिरव्या दिव्यांची रांग होती. आवाज आला की दिवे चढायचे, थांबला की उतरायचे.

"ज्या यंत्राला एकच काम येतं," अ‍ॅल्बी म्हणाला, "त्याच्या डोक्यात नसते किडे येत नाहीत."

"अ‍ॅल्बीकाका, त्या पेटीत नंतर काही दुरुस्त करायला गेलात तर रडाल," ब्रायनी फोनमधून म्हणाली.

"बाई गं, तुझ्या आईच्या गाण्यात दुरुस्त काय करायचंय?"

नेटा हसली. त्या आठवड्यातलं पहिलं हसणं. पण मला कापण्याची सोय हवी होती. मला वाटत होतं, तिचा गळा दुखेल, ओळी अडकतील, जोडून घ्यावं लागेल. मी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. अ‍ॅल्बी पेटी कपाटावर ठेवून गेला. "लागेल तुला," एवढंच बोलला.

३

पहिलं गाणं मंगळवारी दुपारी झालं. नेटा खुर्चीवर बसून एकटीच गायची. गिटार मी मागाहून वेगळी वाजवणार होतो. भिंतींना लोकरी ब्लँकेटं टांगली होती. खोली चार पावलं लांब आणि तीन रुंद.

संध्याकाळी मी पडद्यावर ते गाणं उघडलं. आवाज म्हणजे काळी डोंगररांग. प्रत्येक ओळ हा एक उंचवटा, मधे सपाटी. पण पहिल्या उंचवट्याच्या डावीकडे, सपाटीवर, मुंगीएवढं एक टेंगूळ होतं.

मी हेडफोन लावला, आवाज चढवला. नेटाच होती. तीच ओळ, तेच शब्द, फार पुसट. भिंतीपलीकडून यावी तशी. ती संपता संपता खरी नेटा सुरू होत होती.

मी सगळं गाणं तपासलं. प्रत्येक ओळीच्या आधी तसंच टेंगूळ.

प्रतिध्वनी मला माहीत आहे. डोंगरात काम केलंय मी. प्रतिध्वनी नंतर येतो.

ब्रायनीला फोन लावला. "अगं मामा, तो उशिराचा घोटाळा आहे," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. मग तो आपणच हिशेब करून सगळं मागे सरकवतो. तो हिशेब चुकलाय. एक आकडा बदल."

मी आकडा बदलला. बुधवारी दुसरं गाणं घेतलं. टेंगूळ होतंच; उलट जरा डावीकडे सरकलेलं. दोन सेकंद आधी.

मग मी एकटा खोलीत बसलो आणि चमच्यानं कप वाजवला. पडद्यावर एकच रेघ, जागच्या जागी. टाळी वाजवली. गिटार छेडली. स्वतः चार ओळी म्हटल्या, माझ्या फाटक्या आवाजात. सगळं वेळेवर. हिशेब चुकला असता तर माझाही चुकायला हवा होता.

४

गुरुवारी अ‍ॅल्बीला बोलावलं. नेटा दुकानात गेली होती. मुद्दाम तीच वेळ धरली.

अ‍ॅल्बीनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याचा चेहरा खुलला. "अरे, ओळखतो मी याला! रेडिओत असताना रोजचं होतं. टेपची वेटोळी एकावर एक बसतात. वरच्या वेटोळ्याचं खालच्यावर उमटतं. मग गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं पुसटसं ऐकू येतं. टेप जेवढे दिवस पडून राहील तेवढं जास्त."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "म्हणजे असं होतं तर."

"होतं की. नेहमीचं आहे." त्यानं हेडफोन काढला, लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉप उलटा करून खालूनही पाहिला. मग माझ्याकडे. "पण कॉरिन," तो म्हणाला, "यात टेप कुठाय?"

पत्र्यावर सर आली. सर गेली.

"पेटी काढ कपाटावरची," तो म्हणाला. "कॉम्प्युटर काय काय करतो ते देव जाणे. पेटी खोटं बोलत नाही."

मी पेटी काढली. पण खरं कारण सांगतो. पेटीला पडदा नव्हता. तिच्यात काही दिसायचं नाही, म्हणून मी ती निवडली.

५

पेटीवर पहिली दोन्ही गाणी पुन्हा घेतली. नेटानं कारण विचारलं नाही. मग तिसरं, चौथं, पाचवं. मी हेडफोन गळ्यात अडकवून ठेवायचो, कानाला लावायचोच नाही. पेटी रेकॉर्ड करतेय हे कळायला दिवे पुरे होते.

आणि दिव्यांनीच दगा दिला.

सहाव्या गाण्याला मी लाल बटण दाबलं, नेटाकडे बोट केलं. ती पाणी पीत होती. कप ओठांना होता. आणि दिवे चढले. दोन, तीन, पाच, उतरले, पुन्हा चढले. नेटाच्या गाण्याची पहिली ओळ कशी चढते आणि कुठं श्वास घेते, हे मला झोपेतही सांगता येईल. दिवे अगदी तसेच चालले होते. खोलीत पाणी गिळल्याचा आवाज तेवढा होता.

तिनं कप खाली ठेवला आणि गायला लागली. दिवे चढले, पण दोनच. पाच नाहीत.

मी स्वतःला म्हटलं, माइक लांब असेल. मी माइक जवळ सरकवला.

सातव्या गाण्याला दिवे अख्खं कडवं पुढे होते. आणि तिच्या खऱ्या आवाजाला एक दिवा लागत होता. मला तिचा आवाजही बारीक वाटला, पण तो खोलीतल्या ब्लँकेटांमुळे, गाठीमुळे, थंडीमुळे. कारणांची मला वाण नव्हती.

६

"थांबवू या का?" आठव्या गाण्याआधी मी विचारलं. "थोडे दिवस गळ्याला आराम दे."

नेटा खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या उजाड डोंगरावर ढग उतरला होता. "तुला कधीपासून ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

मी माइकची वायर सरळ करायला लागलो.

"मला पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "तू शेडमध्ये गेलास तेव्हा मी हेडफोन लावला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

"वाटलं, मशीनचं काहीतरी असेल."

"दोन्ही मशीनचं?"

तिचा आवाज तेव्हा इतका उतरला होता की ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं. मी म्हटलं, "नेट, ते तुझ्यातून जातंय. जेवढं त्यात पुढे जातं, तेवढं इकडे कमी होतं. मला दिसतंय ते."

"असेल. पण पुढच्या गुरुवारी नाहीतरी जायचाच आहे ना तो?" ती उठून खुर्चीवर जाऊन बसली, पदर ओढावा तशी शाल ओढून घेतली. "इस्पितळाच्या बादलीत जाण्यापेक्षा पेटीत गेलेला बरा. दार लाव."

मी दार लावलं. हे मला नंतर फार आठवलं. बळजबरी कुणी केली नव्हती. ती 'दार लाव' म्हणाली आणि मी लाल बटण दाबलं.

७

बारावं गाणं मंगळवारी दुपारी. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. पन्हाळीतून थेंब गळत होता तेवढाच.

मी हेडफोन लावला. या वेळी ऐकायचं असं ठरवलं होतं.

बटण दाबलं. नेटा हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसली होती. आणि माझ्या कानात ती गायला लागली. पुसट नाही. भरून, तिशीतल्या नेटासारखी. ओळीमागून ओळ. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. कडवी बदलताना मी मान हलवली असेन, कारण तिनंही हलवली. चार मिनिटं. शेवटचा सूर तिनं लांबवला, सोडला, आणि कानात शांतता झाली.

मी बोट केलं. नेटा उभी राहिली आणि गायली.

तिचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. छाती भरली, रिकामी झाली. ओठ शब्दांवर नेमके फिरत होते. दिव्यांची रांग काळी होती. हेडफोनमध्ये फक्त खुर्ची हलल्याचा आणि कापडाचा आवाज. मी हेडफोन काढला. वाटलं, खोलीत तरी असेल.

पन्हाळीचा थेंब ऐकू आला.

ती थांबली नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते गाणं तिनं तसंच म्हटलं, हातवाऱ्यांसकट, हॉल भरलेला असावा तशी. मग खाली बसली आणि मला काहीतरी म्हणाली. काय ते मला कळलं नाही.

८

शस्त्रक्रिया छान झाली. गाठ साधी निघाली. जिवाला धोका नव्हता. ब्रायनी मेलबर्नहून आली होती, ती आनंदानं रडली. सर्जन म्हणाला, "स्वरतंतूंना हातसुद्धा लागलेला नाही. दोन आठवड्यांत बोलू लागतील."

दोन आठवडे झाले. सहा झाले. आम्ही पुन्हा होबार्टला गेलो. त्यानं घशात दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं. पडद्यावर मलाही दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येत होत्या, थरथरत होत्या, दूर जात होत्या.

"तंतू नीट हलतायत," तो म्हणाला. "यातून आवाज यायला हवा." मग दुर्बीण बाहेर काढत म्हणाला, "तो का येत नाही, ते मला सांगता येत नाहीये."

नेटानं आपल्या वहीत लिहिलं आणि त्याच्याकडे फिरवलं. *डॉक्टर, तुमचा दोष नाही.*

९

जुलैमध्ये एका दुपारी तिनं लिहिलं, *गाणी ऐकव.*

पेटी मी मागच्या खोलीतून हलवली नव्हती. दोघं बसलो. स्पीकर जोडला. एकेक गाणं ऐकत गेलो. काय सांगू, तिनं आयुष्यात इतकं सुंदर गायलं नव्हतं. नेटा डोळे मिटून बोटांनी ठेका धरत होती. बारावं झालं. त्याच्यानंतर चार मिनिटांची ती शांतता, खुर्चीच्या कुरकुरीसकट. तीही आम्ही पूर्ण ऐकली.

बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात पेटीवरचा आकडा पुढे सरकला. तेरा.

तेरावं काही आम्ही रेकॉर्ड केलं नव्हतं.

आधी पाऊस. आमच्याच पत्र्यावरचा. मग नेटाचा आवाज. गाणं नाही, रोजचा, स्वयंपाकघरातला. "दूध संपलंय रे." लांब शांतता. भांडी. "ब्रायनीला म्हणावं, ईस्टरला ये." पुन्हा घराचे आवाज, पावलं, नळ. मग फोन ठेवल्याचा आवाज, आणि ती म्हणाली, "अ‍ॅल्बीच्या मुलीचा फोन होता. सकाळी गेला. झोपेतच."

मी नेटाकडे पाहिलं. अ‍ॅल्बी तीनच दिवसांपूर्वी आमच्या टेबलाशी बसून मटणाला नावं ठेवत होता.

पेटीत पाऊस वाढला. किटली वाजत होती. गॅस कुणी बंद करत नव्हतं. किटली वाजत राहिली.

"कॉरिन?" नेटाचा आवाज.

उत्तर नाही.

"कॉरिन, किटली!" मग पावलं, जरा भराभर. किटलीची शीळ खाली येऊन थांबली. "कॉरिन?" आता व्हरांड्यातून, पाऊस जवळ. "अरे, कुठं आहेस?" पावलं आत आली. माझ्या खोलीपाशी थांबली. "कॉरिन?" या वेळी हळू. मग पावलं पुढे आली आणि एक दार फरशीवर खर्रकन घासलं. ती श्वास आत घेत होती, मोठा...

नेटानं वायर उपटली.

हिरवे दिवे विझले. तिनं वही ओढली, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. *पुढचं तू ऐकायचं नाहीस.*

"तू ऐकलंयस?" मी विचारलं.

तिनं वही मिटली.

१०

अ‍ॅल्बी ऑगस्टच्या शेवटी गेला. मी दिवाणखान्यात पेपर वाचत होतो. फोन वाजला, नेटानं उचलला, ऐकला, ठेवला. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि तिचे ओठ हलले. वही तिच्या हातात होती, पण तिला लिहावं लागलं नाही. ते शब्द मला पाठ होते. त्याच्या मयतीला हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी गायलं नाही.

मी शहाणा माणूस आहे. तारांवर चढणारा माणूस वेडा असला तर पहिल्याच वर्षी मरतो. योगायोग म्हणजे काय ते मला समजतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस झोपेत जातो, यात गूढ काही नाही. तरी मी मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढलं आणि लाकडांच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. नेटा व्हरांड्यातून बघत होती. मी परत आलो तेव्हा तिनं वही पुढे धरली. *शेडचं दारही तसंच घासतं.*

न्हाणीघराचंही घासतं. या घरात पावसाळी हवेत सगळीच दारं घासतात.

किटली आम्ही देऊन टाकली. आता पातेल्यात पाणी उकळतो. नेटा दिवसातून कितीदा तरी खोल्याखोल्यांतून फिरते. कपडे घ्यायला, चष्मा शोधायला, असं काही निमित्त काढून. मी कुठं आहे ते बघते आणि जाते. मी नजरेआड असलो की तिची पावलं भराभर पडायला लागतात. हाक मारणं तिच्या हातात नाही. त्या हाका मारून झाल्यात.

म्हणून मीच बोलतो. शेडमध्ये असेन, न्हाणीघरात असेन, तिची पावलं ऐकू आली की, आणि हल्ली ऐकू आली नाहीत तरी, मधूनमधून मोठ्यानं सांगतो. आत्ताही हे लिहिता लिहिता दोनदा सांगून झालं. पाऊस वाढलाय, पत्रा वाजतोय. तिकडे पोचलं नसेल. पुन्हा सांगतो.

"आहे गं, नेट. इथं आहे."